अमेरिकेतली वाघांची पांजरपोळ: लेकीच्या वाढदिवसाला वाघ दत्तक घ्यावा का?

अनघा_ओझार्क

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, पण आधी थोडं सांगते.

आम्ही सहा वर्षं आर्कान्सात बेंटनविलला राहतो. मागच्या महिन्यात आई साताऱ्याहून आली. तिला मॉल दाखवून झाले, तळी दाखवून झाली. मग एका रविवारी तासाभरावरच्या युरेका स्प्रिंग्जकडे निघालो. तिथे डोंगरात टर्पेंटाइन क्रीक नावाची जागा आहे. ४५९ एकर, सगळी ओकची झाडी, आणि त्यात मोठमोठ्या आवारांत वाघ, सिंह, बिबटे, प्युमा (अमेरिकेतला डोंगरी सिंह). यातला एकही जंगलातून आणलेला नाही. कुणी लोकांच्या परसातून सोडवलेला, कुणी हायवेकडेच्या फुटकळ प्राणिसंग्रहालयातून, तर कुणाच्या मालकाचं दिवाळं निघालेलं. १९९२ पासून एक कुटुंब ही संस्था चालवतं. सुरुवातच विलक्षण आहे. वाघसिंहांची पैदास करणारी एक बाई गुरांच्या ट्रेलरमध्ये ४२ मोठी जनावरं कोंबून यांच्या दारात आली, आणि यांनी ती ठेवून घेतली.

आई एका वाघिणीच्या कुंपणापाशी उभी राहिली ती हलेचना. वाघीण गवतात पडून होती, उठताना मागचा पाय ओढत होती. आईने विचारलं, "ही इथं कशी आली गं?" पाटीवर 'एक्झॉटिक' असा शब्द होता, मी त्याचा अर्थ परदेशी असा सांगितला. आई म्हणाली, "वाघ परदेशी कसा? तो आपल्याकडचा. हिलाच कुणीतरी परदेशात जन्माला घातलंय."

आता लेक (दहावं लागेल) म्हणते पार्टी नको, त्याच पैशात त्या वाघिणीला वर्षभरासाठी दत्तक घेऊ, म्हणजे तिच्या सांभाळासाठी देणगी देऊ. नवऱ्याचं म्हणणं, तिकीट आहे, दुकान आहे, रात्री राहायला खोल्यासुद्धा आहेत, म्हणजे हा नाव बदललेला झूच. द्यायचेच तर ताडोबाकडे द्या.

खरी बचावसंस्था आणि नावापुरती संस्था यात फरक कसा ओळखायचा? आणि जन्मभर पिंजऱ्यातच राहणार असलेल्या वाघावर पैसे खर्च करावेत का? अनुभवी लोकांनी सांगा.

सह्यकडा

माझा भाबडा प्रश्न. ते वाघ भारतात का पाठवत नाहीत? आपल्याकडे जंगल आहे, त्यांच्याकडे वाघ आहेत.

सोनचाफा

आईंचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. त्यांना नमस्कार सांग.

रानवाट_चंद्रपूर

सह्यकडा, प्रश्न भाबडा नाही, सगळेच विचारतात. मी वनखात्याच्या कामांवर बरीच वर्षं फिरलोय, म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे अमेरिकेतल्या परसातल्या वाघाला कूळच नाही. तिथं बंगाली वाघ आणि सायबेरियन वाघ यांची पिढ्यान्‌पिढ्या सरमिसळ झालीय, बहीणभावांची लग्नं लावलीत. असलं रक्त जंगलात सोडणं म्हणजे विहिरीत रंग ओतणं. दुसरं म्हणजे शिकार. आमच्याकडं वाघीण पिलांना दीड-दोन वर्षं सोबत घेऊन फिरते, तेव्हा कुठं ती रानडुकराला हात लावायच्या लायकीची होतात. बाटलीच्या दुधावर वाढलेल्याला हे कोण शिकवणार? तिसरं सगळ्यात वाईट. त्याला माणसाचं भ्या नाही. भूक लागली की तो गावाकडंच येणार, कारण जेवण माणूस देतो एवढंच त्याला ठाऊक. आमच्या जिल्ह्यात वाघ आणि माणूस आधीच एकमेकांच्या पायात पाय घालून राहून राहिलेत. मोहफुलं वेचायला गेलेली बाई परत आली नाही असं ऐकून ज्यांच्या घरी गेलोय, त्यांना मी हा वाघ अमेरिकेहून आणलाय म्हणून सांगू काय?

दत्तक घेण्याबद्दल नंतर लिहितो. माझं मत तुमच्या यजमानांच्या जवळ जाणारं आहे, पण पूर्ण नाही.

डेन्वरकर

कोलोरॅडोत डेन्व्हरच्या ईशान्येला कीन्सबर्गला अशीच पण फार मोठी जागा आहे, द वाइल्ड अ‍ॅनिमल सँक्चुरी. ७८९ एकर. पॅट क्रेग यांनी १९८० मध्ये सुरू केली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. प्राणिसंग्रहालयांच्या मागच्या बाजूला 'जादा' म्हणून ठेवलेली जनावरं त्यांनी पाहिली आणि घरच्या शेतावर पिंजरे बांधायला घेतले.

तिथली एक गोष्ट मला फार आवडते. माणसांनी चालायचा रस्ता जमिनीवर नाहीच. उंच खांबांवर दीड मैल लांबीचा पूल आहे, त्यावरून चालायचं. वाघसिंह आपला इलाका जमिनीवर मोजतात, डोक्यावरून कोण गेलं त्याचं त्यांना सोयरसुतक नसतं. कुंपणाशी माणूस आला की ते बेचैन होतात, पुलावरून गेला की वरही बघत नाहीत. आमचा धाकटा खट्टू झाला, "बाबा, सिंह माझ्याकडे बघतच नाही." मी म्हटलं, त्यासाठीच तर एवढा पूल बांधलाय.

बोलिव्हियाने २००९ मध्ये सर्कशीत प्राणी वापरायला बंदी घातली. तिथले २५ सिंह २०११ च्या फेब्रुवारीत विमानाने इथे आणले. आयुष्य ट्रकवरच्या पिंजऱ्यात काढलेले सिंह. ते आता हिवाळ्यात बर्फात लोळतात.

मिरजेचा_तंबू

सर्कशीचा विषय निघाला म्हणून लिहितो, थोडं विषयांतर होईल.

आमच्या मिरज-सांगली पट्ट्याला सर्कशीचं माहेर म्हणतात. १८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी ग्रेट इंडियन सर्कस काढली. म्हैसाळच्या देवलांची सर्कस झाली. माझे आजोबा तंबूच्या दोऱ्या ओढायच्या कामावर होते. पुण्याचे दामू धोत्रे तर लहानपणी मामाच्या सर्कशीत शिरले आणि पुढे थेट अमेरिकेत रिंगलिंग सर्कशीच्या तंबूत वाघ, सिंह, बिबटे एकत्र घेऊन उभे राहिले. आम्हाला लहानपणी त्यांच्या गोष्टी सांगत.

मी हे अभिमानाने सांगत वाढलो. पण आजोबांनी एक गोष्ट सांगितली होती, ती मोठा झाल्यावर कळली. मुक्काम हलला की सिंहाचा पिंजरा रेल्वेच्या मालडब्यात चढवायचा, आणि पुढच्या गावाला तंबू उभा राहीपर्यंत तो तसाच बंद. कधी चार दिवस, कधी आठ. आजोबा म्हणायचे, "सिंव्ह रिंगणात दहा मिनटं सिंव्ह असतो रे, बाकी समदा येळ कैदी."

१९९८ च्या सरकारी अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांचे खेळ बंद झाले आणि २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. तेव्हा गावात लोक हळहळले. मीही हळहळलो होतो. आज नाही हळहळत.

डॉ_शिवनेरी

मिरजेचा_तंबू यांनी जिथे सोडलं तिथून धरतो. बंदीनंतर सर्कशींतले ते वाघसिंह कुठे गेले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम अशा ठिकाणी प्राणिसंग्रहालयांना लागून बचावकेंद्रं काढली आणि त्यांना तिथे ठेवलं. सर्कशीतले बहुतेक सिंह आफ्रिकी आणि गीरचे असे मिश्र होते. म्हणून ठरवलं की यांची पैदास करायची नाही. नरांची नसबंदी केली, आणि म्हातारे होऊन मरेपर्यंत सांभाळलं. म्हणजे अनघाताई, तुम्ही आर्कान्सात जे पाहिलंत ते आपल्या सरकारनेही केलंय. पैदास बंद, सांभाळ चालू. बचावकेंद्र खरं आहे का याची पहिली खूण हीच. तिथे पिलं जन्माला येत असतील तर पाठ फिरवा.

मी पशुवैद्य आहे, जुन्नर भागात बिबट्यांचं काम जवळून पाहिलंय. तुमच्या आईंनी पाहिलेली वाघीण पाय का ओढत होती, याचा अंदाज सांगतो. अशा जनावरांची नखं बहुधा लहानपणीच काढलेली असतात. लोकांना वाटतं नखं काढणं म्हणजे आपण कापतो तसं. तसं नाही. बोटाचं शेवटचं हाडच छाटावं लागतं. मग दीडशे-दोनशे किलोचं जनावर आयुष्यभर त्या छाटलेल्या बोटांवर चालतं. पंजा चुकीचा टेकतो, भार सरकतो, कोपरा-खांद्याचे सांधे झिजतात, कंबर जाते. दहाव्या-बाराव्या वर्षी त्याला रोज सांधेदुखीची औषधं मांसात घालून द्यावी लागतात. कुपोषण हे दुसरं कारण. नुसतं हाडाविना कोंबडीचं मांस घालून वाढवलेल्या पिलाला कॅल्शियम मिळत नाही, हाडं वाकतात.

काऊचिऊ

हे वाचून जेवण जाईना. नखं का काढतात पण?

डॉ_शिवनेरी

फोटोसाठी. पिलू मांडीवर घेऊन लोक फोटो काढतात, ओरखडा येऊ नये म्हणून.

कायदेकानू_न्यूजर्सी

या फोटोच्या धंद्याचं गणित सांगते, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. अमेरिकेच्या कृषीखात्याच्या नियमांच्या अर्थानुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू लोकांच्या हाती देणं घातक मानायचे आणि बारा आठवड्यांपेक्षा मोठं झालं की ते धोकादायक. म्हणजे एका पिलाची कमाई महिनाभराची! वर्षभर दुकान चालवायचं तर सतत नवी पिलं हवीत. आणि महिनाभरानंतर त्या पिलाचं काय? वाघ पुढे पंधरा-वीस वर्षं जगतो, आठवड्याला तीस-चाळीस किलो मांस खातो. त्याला कुणी विकलं, कुणी परसात बांधलं, कुणी मारलं.

हे २० डिसेंबर २०२२ ला कायद्याने बंद झालं. बिग कॅट पब्लिक सेफ्टी अ‍ॅक्ट. वाघ, सिंह, बिबट्या, हिमबिबट्या, क्लाउडेड लेपर्ड, जॅग्वार, चित्ता, प्युमा आणि त्यांचे संकर घरी पाळायला बंदी, पिलं हाताळायला देण्यावर बंदी. ज्यांच्याकडे आधीच होते त्यांना १८ जून २०२३ पर्यंत नोंदणी करायची मुदत होती. नोंदवलेलं जनावर त्यांनी मरेपर्यंत ठेवावं, पण नवं आणायचं नाही आणि पैदास करायची नाही.

बचावसंस्थांना सूट आहे, पण अटींवर. नफा न कमावणारी संस्था हवी, विक्री नको, पैदास नको, लोकांना जनावराला हात लावू द्यायचा नाही. म्हणजे अनघा, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या कायद्यातच लिहिलंय.

नचिकेत_ह्यूस्टन

एकट्या टेक्सासमध्ये जगातल्या जंगलांपेक्षा जास्त वाघ आहेत असं वाचलंय. हे खरं का? आमच्या इथे २०२१ च्या मे महिन्यात एक वाघ कॉलनीत लोकांच्या हिरवळीवर फिरत होता. आणि त्याचं नाव काय, तर 'इंडिया'! ऑफिसमध्ये महिनाभर सगळे मला विचारायचे, तुमचा नातेवाईक का?

रानवाट_चंद्रपूर

ते टेक्सासचं वाक्य सगळे फिरवतात, पण मोजलं कुणीच नव्हतं. अमेरिकेत पाच हजार, दहा हजार वाघ पिंजऱ्यात आहेत हे आकडे अंदाजाचे. मोजायची सोयच नव्हती, कित्येक राज्यांत परवानासुद्धा लागत नव्हता. जंगलातला आकडा मात्र पाय झिजवून काढलेला असतो. आपल्याकडच्या २०२२ च्या गणनेचा सरासरी अंदाज ३,६८२ आहे, तो कॅमेरा ट्रॅप लावून, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून. घरातल्या वाघाची नोंद नाही आणि रानातल्या वाघाची आहे, हे मला जास्त लागतं.

नचिकेत_ह्यूस्टन

दुरुस्तीबद्दल आभार. पुढची गोष्ट सांगायची राहिली. तो इंडिया वाघ आठवड्याभराने सापडला आणि मर्चिसनच्या ब्लॅक ब्यूटी रँचवर गेला, तीसुद्धा बचावसंस्थाच. तेव्हा तो जेमतेम नऊ महिन्यांचा होता. त्याच्या मालकासारखे लोक असतात तोवर अशा जागा लागणारच.

काटकसर

मी विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

अशा एका वाघाचं खाणं, औषधं, कुंपण, माणसं यांवर वर्षाला हजारो डॉलर जातात. हा वाघ ना प्रजनन करणार, ना जंगलात जाणार, ना निसर्गाला त्याचा काही उपयोग. तेवढ्या पैशात मेळघाटात किती वनमजुरांचे पगार होतील? किती गावांना गॅस मिळेल, म्हणजे बायकांना सरपणासाठी जंगलात जावं लागणार नाही? दुखणाऱ्या, पांगळ्या वाघाला वेदना न देता शांतपणे मरू देणं जास्त दयाळूपणाचं नाही का? आपण माया करतोय की आपलं मन शांत करतोय?

सोनचाफा

मरू देणं हा शब्द किती सहज लिहिलात. म्हातारी माणसंही 'उपयोगाची' नसतात.

काटकसर

माणसांशी तुलना नको. मी प्रश्न प्रामाणिकपणे विचारलाय. पैसा मोजका असतो तेव्हा निवड करावीच लागते.

डॉ_शिवनेरी

काटकसर यांचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो निर्णय मला हाताने घ्यावा लागलाय.

वेदना आटोक्यात येत नसतील तर चांगल्या केंद्रातला पशुवैद्य जनावराला मरण देतोच, द्यायलाच हवं. ते लपवणारी संस्था मला पटत नाही. पण जो वाघ औषध घेऊन उन्हात पडतो, पाण्याच्या टाक्यात बसतो, भोपळा दिला तर मांजरासारखा त्याच्याशी खेळतो, त्याला 'उपयोग नाही' म्हणून मारायला माझा हात उठणार नाही. त्याला माणसाने पैदा केलं. त्याची नखं माणसाने काढली. आता खर्च परवडत नाही म्हणून त्याला संपवायचं, हा हिशोब माझ्या डोक्यात बसत नाही.

आमच्याकडे माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात असे बिबटे आहेत ज्यांना परत सोडता येत नाही. कुणाचा पाय सापळ्यात गेलाय, कुणाची दृष्टी. ऊसतोडीच्या वेळी फडात पिलं सापडतात तेव्हा मात्र आधी दुसराच प्रयत्न होतो. पिलं तपासून, त्याच जागी, खोक्यात किंवा क्रेटमध्ये संध्याकाळी ठेवतात, आणि सगळी माणसं दूर जातात. रात्रीत आई येते आणि एकेक उचलून नेते. मी कॅमेऱ्यात ते पाहिलंय. ती क्रेटभोवती तीनदा फिरली, वास घेतला, झाकण पाडलं आणि मानेला धरून पिलू नेलं. ज्याला आईकडे पाठवता येतं त्याला पाठवायचं, ज्याला नाही त्याला सांभाळायचं. दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत.

वर्षा_कोथरूड

हेमलकशाला प्रकाशकाका बिबट्यांबरोबर वावरतात ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. किती प्रेम! मग या अमेरिकन संस्था हात लावू देत नाहीत हे जरा कोरडं नाही वाटत?

डॉ_शिवनेरी

वर्षाताई, मला आमट्यांबद्दल नितांत आदर आहे. ते अनाथालय कसं सुरू झालं ते आठवा. मारलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिलू त्यांनी पाहिलं, तिथून. तिथला वावर हा एका माणसाच्या आयुष्याच्या तपश्चर्येचा आहे. तो नियम म्हणून दहा ठिकाणी लावता येत नाही. मी कुठल्याही केंद्रात बिबट्याला जाळीतूनसुद्धा हात लावत नाही. सुई द्यायची तर स्क्वीझ केजमध्ये, म्हणजे भिंत सरकवून जनावराला जागच्या जागी धरणाऱ्या पिंजऱ्यात. हात लावला नाही की माझाही जीव राहतो आणि त्याचाही, कारण माणूस जखमी झाला की शिक्षा जनावराला होते.

वर्षा_कोथरूड

पटलं. कोरडं हा शब्द मागे घेते.

श्रावणी_ओहायो

शिक्षा जनावराला होते हे वाचलं आणि लिहायला बसले. आम्ही ओहायोतल्या झेन्सव्हिलपासून तासाभरावर राहत होतो. १८ ऑक्टोबर २०११. एका माणसाने आपल्याकडच्या पन्नासेक जनावरांचे पिंजरे उघडले आणि स्वतःला गोळी घातली. संध्याकाळ होत आली होती, पाऊस होता. शाळा बंद, हायवेवर पाट्या: घराबाहेर पडू नका. पोलिसांकडे भूल द्यायच्या बंदुका नव्हत्या, आणि अंधारात डार्ट मारून वाघ रात्रभर शोधणं शक्यही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मारलेल्यांचे आकडे आले. १८ वाघ, १७ सिंह, शिवाय अस्वलं, प्युमा, लांडगे. गोळ्या घालणारे पोलीस टीव्हीवर रडत होते.

त्या वर्षी मी पहिल्यांदा अशा संस्थेला पैसे दिले. पुढच्याच वर्षी ओहायोत जंगली जनावरं पाळण्यावर कायदा आला. काटकसर, तुमचा प्रश्न चुकीचा नाही. पण ते १८ वाघ एखाद्या चांगल्या जागी आधीच नेता आले असते तर, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

काटकसर

श्रावणीताई, हे मला माहीत नव्हतं. वाचून सुन्न झालो.

बेंटनविलचा_बाप्पा

अनघा, आपण गणपतीत भेटलोय. टर्पेंटाइन क्रीकला गेलीस आणि केनीबद्दल कुणी सांगितलं नाही? केनी हा पांढरा वाघ तिथे होता. २००० मध्ये त्याला सोडवलं ते आपल्याच बेंटनविलमधल्या एका पैदास करणाऱ्याकडून! आपण जिथे भाजी आणतो त्या गावातून. तोंड आखूड, जबडा वाकडा, डोळे रुंद. इंटरनेटवर त्याचे फोटो 'डाउन सिंड्रोम असलेला वाघ' म्हणून फिरतात. २००८ मध्ये तो गेला.

डॉ_शिवनेरी

डाउन सिंड्रोम हे पूर्ण चुकीचं. माणसात तो २१ व्या गुणसूत्राच्या जादा प्रतीमुळे होतो. वाघाकडे गुणसूत्रांच्या जोड्याच १९. केनीचे आईबाप सख्खे बहीणभाऊ होते असं सांगतात, आणि दोष त्या अंतःप्रजननाचा. १९५१ मध्ये रेवाच्या महाराजांनी मोहन नावाचं पांढरं पिलू पकडलं, पुढे त्याचा संयोग त्याच्याच मुलीशी घडवून १९५८ मध्ये पांढरी पिलं मिळवली. त्यातली मोहिनी १९६० मध्ये अमेरिकेला गेली. पांढरा रंग टिकवायचा तर नात्यातच जोड्या लावाव्या लागतात. म्हणून पांढऱ्या वाघांत तिरळे डोळे, टाळूचे दोष, वाकडे कणे इतके दिसतात. पांढऱ्या वाघांचं 'संवर्धन' करतो म्हणणारी संस्था दिसली की समजा, तिला वाघाशी देणंघेणं नाही.

अनघा_ओझार्क

मोहिनीची गोष्ट आईला वाचून दाखवली. ती गप्प झाली. नंतर म्हणाली, "लेकीला सासरी पाठवावं तसं नाव ठेवून पाठवलंन्."

शेवग्याची_शेंग

इतकं गंभीर चाललंय, एक हलकं विचारते. वाघांना रोज जेवण की आठवड्यातून एकदा?

डॉ_शिवनेरी

आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालयांत आठवड्यातून एक दिवस उपास असतो. जंगलात रोज शिकार मिळत नाही, पोटालाही विश्रांती हवी.

शेवग्याची_शेंग

सासूबाईंना सांगते, वाघसुद्धा एकादशी करतात!

सिअ‍ॅटलची_सई

मला एक काळजी मांडायची आहे. २०२४ च्या डिसेंबरात आमच्या वॉशिंग्टन राज्यात शेल्टनच्या बचावकेंद्रात बर्ड फ्लूने मार्जारकुळातली २० मोठी-लहान जनावरं गेली. निम्म्याहून जास्त केंद्र रिकामं झालं. मी तिथे मुलांना घेऊन गेले होते, एका प्युमाचं नाव लेकाला पाठ होतं. त्याला सांगायला मला चार दिवस लागले.

रानवाट_चंद्रपूर

सई, त्याच महिन्यात आमच्या नागपूरच्या गोरेवाड्यातही तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच रोगानं गेले. हे तिन्ही वाघ माणसांशी संघर्ष झाल्यानं पकडून आणलेले होते. जगाच्या दोन टोकांना एकाच महिन्यात एकच रोग.

आता दत्तकाचं माझं राहिलेलं मत लिहितो. ताडोबाला द्या म्हणणाऱ्या तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. पण ताडोबाच्या वाघाला पैसा पर्यटनातून, सरकारातून येतो. ज्याला बघायला कुणी येत नाही अशा लंगड्या वाघिणीला कुठून येणार? माझं म्हणणं एवढंच की, देताना 'यानं वाघ वाचेल' असं पोरीला सांगू नका. 'ही एक वाघीण नीट जगेल' असं सांगा. जात वाचवायची तर जंगल राखावं लागतं, आणि ते इथं राहणारी माणसं राखतात. जमलं तर थोडं त्यांनाही द्या, गस्तीवरच्या पोरांना पावसाळी बूट लागतात.

काटकसर

रानवाट यांच्याशी सहमत. माझ्या मनातलं त्यांनी जास्त चांगलं मांडलं.

कायदेकानू_न्यूजर्सी

मूळ प्रश्नाकडे येते, नाहीतर अनघाच्या लेकीचा वाढदिवस होऊन जायचा.

ग्लोबल फेडरेशन ऑफ अ‍ॅनिमल सँक्चुरीज नावाची संस्था तपासणी करून मान्यता देते. टर्पेंटाइन क्रीककडे ती आहे. बहुतेक धर्मादाय संस्थांना फॉर्म ९९०, म्हणजे वर्षाच्या जमाखर्चाचं विवरण, करखात्याकडे भरावा लागतो आणि तो कुणालाही वाचायला मिळतो. मी नेहमी पगारावर किती आणि जनावरांवर किती ते बघते. तिकीट आणि दुकान याने बिचकायचं कारण नाही, मांस फुकट येत नाही. मी फोन करून एकच गोष्ट विचारते: हे जनावर तुम्ही पैसे न देता घेतलं की विकत घेतलं? विकत घेत असतील तर मी फोन ठेवते. पैसे मोजून 'सोडवलं' की विकणारा त्याच पैशात पुढची जोडी आणतो.

शिवाय फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या बिग कॅट रेस्क्यूने २०२३ मध्ये आपली बहुतेक मांजरं याच टर्पेंटाइन क्रीककडे पाठवायला सुरुवात केली. कायदा झाल्यावर नवी जनावरं येणं कमी होणार, म्हणून एक केंद्र आवरून दुसऱ्याला जोडायचं, असा विचार होता. आपलं काम संपावं म्हणून धडपडणाऱ्या संस्था मी फार कमी पाहिल्यात.

डेन्वरकर

+१. पुढच्या वीस वर्षांत ही सगळी आवारं ओस पडली तर मला फार आनंद होईल.

अनघा_ओझार्क

सगळ्यांचे मनापासून आभार. रानवाट, तुमचं वाक्य लेकीला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग दोन्हीकडे देऊ, केक छोटा करू." नवऱ्याने फॉर्म ९९० उघडून तासभर वाचला, आणि काहीच न बोलता कार्ड काढून दिलं. आता तो गस्तीच्या बुटांसाठी कुठे पाठवायचं ते शोधतोय, रानवाट, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय.

मी फोन केला होता. त्या वाघिणीची नखं खरोखरच काढलेली आहेत. डॉक्टर, तुमचा अंदाज बरोबर निघाला. सांध्यांचं औषध चालू आहे, थंडीत तिला पेंढा घालतात. आई परत जायच्या आधी एकदा भेटायला जाऊ म्हणते. तिने विचारलंय, वाघिणीला मराठीत हाक मारली तर चालेल का.

डॉ_शिवनेरी

चालेल. फक्त कुंपणापासून लांबून आणि हळू आवाजात.

सह्यकडा

आम्ही ऑक्टोबरात कॅन्सस सिटीहून तिकडे यायचं म्हणतोय. रात्री राहिलं तर सिंहांची डरकाळी ऐकू येते का?

बेंटनविलचा_बाप्पा

येते की. पहाटे उजाडायच्या आधी एक सुरू करतो, मग सगळे. खिडकी उघडी ठेवून झोपा, आणि गरम कपडे आणा, ओझार्कच्या डोंगरात ऑक्टोबरात गारठा असतो.